फाटका क्यूआर कोड, घनपाठ आणि डीएनए : माहिती नेमकी टिकते कशी?

चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड आठवून बघा. त्यावर चहाचे डाग असतात, एक कड फाटलेली असते, उन्हाने रंग उडालेला असतो. तरीही फोन समोर धरला की दोन सेकंदांत नाव दिसतं आणि पैसे जातात. कागद खराब झाला, पण त्यावरची माहिती शाबूत राहिली.

आता घरातल्या कपाटातली लग्नाची सीडी आठवा. तिच्यावर एकही ओरखडा नाही, कव्हरही नवंकोरं आहे. पण ती लावायला घरात यंत्रच उरलेलं नाही. इथे वस्तू शाबूत आहे आणि माहिती हाती येत नाही.

वस्तू टिकणं आणि माहिती टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम्प्युटर, मेंदू, पेशी, पाठांतराची परंपरा, शिलालेख या सगळ्या ठिकाणी माहिती साठवली जाते. पद्धती वेगळ्या असल्या तरी अडचणी मात्र बऱ्याच सारख्या आहेत. त्या कोणत्या आणि त्यावर कुणी काय उपाय शोधला, हे समजून घेऊ.

विज्ञानाच्या भाषेत 'माहिती' म्हणजे काय?

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी एक शोधनिबंध लिहिला. माहिती मोजता येते, हे त्यांनी त्यात दाखवलं. त्यासाठीचं एकक म्हणजे 'बिट'. एका 'हो किंवा नाही' प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक बिट.

समजा, कुणी १ ते ६४ मधला एक आकडा मनात धरला. 'तो ३२ पेक्षा मोठा आहे का?' असे नेमके प्रश्न विचारत गेलात तर सहा प्रश्नांत तो आकडा सापडतोच. म्हणजे त्या आकड्यात सहा बिट माहिती आहे. आकडा कागदावर लिहिला, दगडावर कोरला किंवा फोनमध्ये ठेवला तरी त्यातली माहिती सहा बिटच राहते.

शॅनन यांचा दुसरा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. 'उद्या सका_ी लव_र ये' हे वाक्य तुम्ही न अडखळता वाचलं असेल. भाषेत गरजेपेक्षा जास्त खुणा असतात, त्यामुळे एखादं अक्षर गळलं तरी बाकीची अक्षरं ते भरून काढतात. पण मोबाइल नंबरमधला एक आकडा गळला तर तो ओळखता येत नाही, कारण तिथे जादा काहीच नसतं.

ही 'जादा' माहिती वरवर वाया गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात चूक सापडते आणि दुरुस्त होते ती तिच्याच जोरावर.

क्यूआर कोडचं गुपितही हेच आहे. त्यातले सगळेच काळे-पांढरे चौकोन मूळ माहितीचे नसतात. काही चौकोन त्या माहितीवरून गणित करून काढलेले जादाचे असतात. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी वापरली जाते. क्यूआर कोडच्या सर्वात मजबूत प्रकारात जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी मूळ मजकूर परत मिळवता येतो. मात्र तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन फाटले तर फोनला कोड ओळखणंच कठीण होतं. त्या खुणा वाचणाऱ्यासाठी असतात. 'वाचणारा' हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

कॉम्प्युटर माहिती कुठे ठेवतो?

'क्लाउडवर आहे' असं आपण सहज म्हणतो. पण क्लाउड म्हणजे कुठल्या तरी इमारतीतली यंत्रंच असतात आणि त्यात माहिती मुख्यतः दोन प्रकारे साठवलेली असते.

पहिला प्रकार चुंबकाचा. हार्ड डिस्कच्या चकतीवर चुंबकीय पदार्थाचे अतिशय बारीक कण असतात. त्यांची दिशा एका बाजूला की दुसऱ्या बाजूला, यावरून ० आणि १ ठरतात. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्राचं वजन सुमारे एक टन होतं, त्यात ५० चकत्या होत्या आणि साधारण ५० लाख अक्षरं मावत. आज फोनवर काढलेला एखाद-दुसरा फोटो ठेवला तर ते यंत्र भरून जाईल.

दुसरा प्रकार विद्युतभाराचा. फोन, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डमध्ये 'फ्लॅश मेमरी' असते. त्यातल्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात. किती इलेक्ट्रॉन अडकले आहेत, त्यावरून बिट ओळखले जातात. आता एकाच कप्प्यात तीन-चार बिट बसवतात. चार बिटसाठी विद्युतभाराच्या १६ वेगवेगळ्या पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात.

दोन्ही प्रकारांना मर्यादा आहेत. चुंबकीय कण फार लहान केले तर नुसत्या उष्णतेनेच त्यांची दिशा बदलू शकते. फ्लॅशमधले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात आणि प्रत्येक वेळी लिहिताना कप्प्याची भिंत थोडी झिजते. म्हणूनच या यंत्रांत चुका पकडून त्या दुरुस्त करण्याचं काम सतत सुरू असतं. आपल्याला 'परफेक्ट' दिसणाऱ्या फाइलमागे अशा असंख्य दुरुस्त्या असतात. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मात्र ही दुरुस्ती होत नाही.

माहिती पुसायलाही किंमत मोजावी लागते. एक बिट पुसताना किमान थोडी तरी उष्णता बाहेर पडणारच, असं आयबीएमचे रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ मध्ये मांडलं. ही उष्णता कल्पनेपलीकडे कमी असते, पण शून्य नसते. २०१२ मध्ये प्रयोगातूनही याला दुजोरा मिळाला. माहिती ही हवेतली गोष्ट नाही, तिला निसर्गाचे नियम लागू होतात, हे त्यातून स्पष्ट झालं.

पेशींनी हा प्रश्न कसा सोडवला?

सजीवांची माहिती डीएनएच्या लांबलचक धाग्यात चार रासायनिक अक्षरांत असते. ती आहेत ए, टी, जी आणि सी. माणसाच्या जनुकीय आराखड्याच्या एका प्रतीत अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. चार पर्यायांपैकी एक निवडायला दोन बिट लागतात. तो हिशेब केला तर ही माहिती सुमारे ७५० मेगाबाइट, म्हणजे जवळपास एका सीडीइतकी होते.

या धाग्याची रचना बघण्यासारखी आहे. त्यात दोन पदर असतात. एका पदरावर ए असेल तर समोर टी आणि जी असेल तर समोर सी. म्हणजे प्रत्येक अक्षराची जोडप्रत शेजारीच असते. एका पदराला इजा झाली की पेशी दुसरा पदर बघून दुरुस्ती करते. अशी इजा प्रत्येक पेशीत दररोज हजारो वेळा होते. पेशी ती कशी भरून काढते, हे उलगडणाऱ्या टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझिझ संजार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणखी एक सोय आहे. डीएनएमधली तीन-तीन अक्षरं मिळून एक 'शब्द' होतो. असे ६४ शब्द आहेत, पण त्यातून निवडायची अमिनो आम्लं फक्त २० आहेत. साहजिकच अनेक शब्दांचा अर्थ एकच निघतो आणि शेवटचं अक्षर चुकलं तरी बऱ्याचदा काही बिघडत नाही. ही सांकेतिक भाषा उलगडण्यात भारतात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. १९६८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासोबत मिळालं.

म्हणजे क्यूआर कोडमध्ये गणिताने आणलेली 'जादा माहिती' निसर्गाने फार आधीपासून वापरली आहे. फरक एवढाच की निसर्ग थोड्या चुका राहू देतो. प्रत उतरवताना एकही चूक झाली नसती तर उत्क्रांतीही झाली नसती.

मेंदूतली आठवण फाइलसारखी असते का?

नाही. मेंदूत 'शाळेचा पहिला दिवस' नावाची फाइल एका जागी ठेवलेली नसते.

याचा मोठा पुरावा हेन्री मोलायसन या अमेरिकी रुग्णाकडून मिळाला. आकडीच्या त्रासावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा बराचसा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. काही मिनिटांपूर्वी भेटलेला माणूसही त्यांना नवा वाटे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला सांगितली. रोजच्या सरावाने त्यांचा हात सुधारत गेला, पण 'आपण हे आधी केलंय' याची त्यांना आठवणच नसे. घटनांची आठवण आणि हाताला बसलेलं वळण या दोन गोष्टी मेंदू वेगळ्या पद्धतीने साठवतो, हे त्यातून कळलं.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. शिकताना त्यांच्यातले जोड बळकट किंवा कमकुवत होतात. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून हे दाखवलं आणि त्यांना २००० साली नोबेल मिळालं. २०१२ मध्ये सुसुमू तोनेगावा यांच्या एमआयटीतल्या गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. उंदीर घाबरला तेव्हा ज्या पेशी सक्रिय होत्या, त्याच पेशी त्यांनी नंतर प्रकाश टाकून चेतवल्या. उंदीर पूर्णपणे वेगळ्या, सुरक्षित जागेत होता, तरी तो भीतीने गोठून उभा राहिला.

सगळ्यात विचार करायला लावणारा निष्कर्ष मात्र २००० सालच्या एका प्रयोगाचा आहे. करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लदू यांना उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की, जुनी आठवण जागी झाली की ती काही काळ पुन्हा 'ओली' होते आणि नव्याने साठवावी लागते. ही प्रक्रिया औषधाने अडवली तर आठवण कमकुवत होते. कॉम्प्युटरवरची फाइल उघडल्याने बदलत नाही. आठवण मात्र काढता काढता बदलू शकते. साक्षीदार खोटं बोलत नसला तरी चुकीचं सांगू शकतो, त्यामागचं हे एक संभाव्य कारण मानलं जातं.

मेंदू नसेल तरी आठवण राहते?

राहते. तीन उदाहरणं बघा :

- रोगप्रतिकारशक्ती : लस घेतल्यावर शरीरात 'स्मृती पेशी' तयार होतात. त्या एखाद्या विषाणूची ओळख वर्षानुवर्षं जपतात. शरीर इतकी वेगवेगळी प्रतिपिंडं कशी बनवतं, याच्या शोधासाठी १९८७ मध्ये नोबेल मिळालं होतं ते याच तोनेगावांना. मेंदूकडे ते नंतर वळले.
- जिवाणू : अनेक जिवाणू हल्ला करणाऱ्या विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात. तोच विषाणू पुन्हा आला की या तुकड्यावरून तो ओळखता येतो. जनुकं बदलण्याचं आजचं 'क्रिस्पर' तंत्र यातूनच आलं.
- स्लाइम मोल्ड : या एकपेशीय जीवाचं शरीर नळ्यांच्या जाळ्यासारखं पसरतं. अन्न कुठे मिळालं, हे तो त्या भागातल्या नळ्या जाड करून 'लक्षात' ठेवतो, असं जर्मनीतल्या मिर्ना क्रामार आणि कारेन आलिम यांनी २०२१ मध्ये दाखवलं.

लिहून न ठेवता हजारो वर्षं?

कागद, दगड काहीही न वापरता फक्त पाठांतरातून ग्रंथ जपण्याचं सर्वात ठळक उदाहरण भारतात आहे. ते म्हणजे वेदपठण. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेची दखल घेतली.

पाठांतरात चुका होणारच. त्यावरचा उपाय पठणाच्या पद्धतीतच होता. पदपाठात शब्द सुटे म्हणतात. जटापाठात दोन शब्द १-२, २-१, १-२ अशा क्रमाने येतात. घनपाठात हा क्रम १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असा होतो. मग पुढच्या शब्दापासून पुन्हा तेच.

एकच शब्द इतक्या वेगवेगळ्या जागी, सुलट आणि उलट क्रमाने आला की त्यातली चूक लपत नाही. एके ठिकाणी शब्द चुकला तर बाकीच्या ठिकाणी तो जुळत नाही आणि ऐकणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. शॅनन यांच्या भाषेत सांगायचं तर ही 'जादा माहिती'च आहे. मात्र या पद्धतीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. हे ज्ञान शतकानुशतकं ठरावीक लोकांपुरतंच ठेवलं गेलं. साठवण उत्तम होती, वाटप नव्हतं.

याच्या उलट उदाहरण तुकोबांच्या अभंगांचं. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेरा दिवसांनी तरून वर आली, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. अभंग तोवर लोकांच्या तोंडी झाले होते, म्हणून गाथा तरली, असाही या कथेचा अर्थ लावला जातो. अनेक ठिकाणी प्रती असल्या की एका प्रतीच्या नाशाने माहिती संपत नाही. आजची डेटा सेंटरही याच तत्त्वावर चालतात.

वाचणाराच उरला नाही तर?

अशोकाचे लेख दगडात कोरले होते. ते दोन हजारांहून अधिक वर्षं टिकले. पण मधल्या काळात ती ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. लेख डोळ्यांसमोर होते, मजकूर मात्र हरवलेला होता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी लिपी उलगडली आणि तो परत मिळाला. नालासोपाऱ्याला अशोकाच्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सापडला, तेव्हा तो कळू शकला तो याच उलगड्यामुळे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची लिपी मात्र अजूनही सर्वमान्यपणे वाचता आलेली नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात आजही जिवंत आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरासह अनेक ठिकाणी मोडी लिपीतले लक्षावधी कागद आहेत. जमिनीचे व्यवहार, वतनं, तंटे, हिशेब असं सगळं त्यात आहे. कागद शाबूत आहेत, भाषा मराठीच आहे, पण मोडी वाचू शकणारी माणसं मोजकी आहेत.

नव्या तंत्रज्ञानात तर हा धोका जास्तच वेगाने येतो. इंग्लंडमध्ये १०८६ साली जमीन-मालमत्तेची मोठी नोंदवही तयार झाली. तिला 'डूम्सडे बुक' म्हणतात. तिच्या ९०० व्या वर्षानिमित्त, १९८६ मध्ये बीबीसीने लोकांच्या सहभागातून तिची आधुनिक आवृत्ती लेझर डिस्कवर काढली. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं इतकी दुर्मीळ झाली की माहिती वाचवण्यासाठी तज्ज्ञांना खास मोहीम हाती घ्यावी लागली. चामड्यावर लिहिलेली मूळ नोंदवही मात्र आजही वाचता येते.

डीएनएमध्ये फोटो साठवता येतील का?

प्रयोगशाळेत हे झालं आहे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या गटाने एक अख्खं पुस्तक कृत्रिम डीएनएत उतरवलं. २०१३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी शेक्सपिअरची १५४ सुनीतं डीएनएत साठवून ती पुन्हा वाचून दाखवली. एक ग्रॅम डीएनएत २१५ पेटाबाइट, म्हणजे २१ कोटी ५० लाख गिगाबाइट माहिती मावू शकते, असं २०१७ मध्ये यानिव एर्लिख आणि दिना झिलिन्स्की यांनी त्यांच्या पद्धतीच्या आधारे मांडलं.

डीएनए टिकाऊही आहे. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए वाचता आल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये डीएनए काचेसारख्या सिलिकाच्या आवरणात बंद केला आणि चुका दुरुस्त करण्यासाठी रीड-सॉलोमन यांचीच पद्धत वापरली. टपरीवरच्या क्यूआर कोडमध्ये जे गणित आहे, तेच इथेही आहे.

मग अडचण काय? डीएनए 'लिहिणं' अजून खूप महाग आणि संथ आहे. त्यामुळे रोजच्या वापरासाठी नव्हे, तर क्वचितच उघडाव्या लागणाऱ्या जुन्या दस्तऐवजांसाठी त्याचा विचार होतोय. त्याचा एक मोठा फायदा म्हणजे वाचणारा. लेझर डिस्कची यंत्रं इतिहासजमा होतात, पण वैद्यकशास्त्राला डीएनए वाचायची गरज कायम राहणार आहे.

मग आपल्या फोटोंचं आणि कागदपत्रांचं काय?

वरच्या सगळ्या उदाहरणांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माहिती टिकली ती एखाद्या मजबूत वस्तूमुळे कमी आणि प्रती, दुरुस्ती व वाचणारा या तिन्हींमुळे जास्त. घरच्या माहितीलाही हाच नियम लावता येतो :

- प्रती : महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि एक प्रत घराबाहेर राहू द्या. आग, पूर, चोरी अशा प्रसंगी तीच उपयोगी पडते. फोन आणि क्लाउड आपोआप जुळलेले असतील तर ती एकच प्रत समजा, कारण एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाऊ शकते.
- दुरुस्ती : बॅकअप घेतल्यावर तो विसरू नका. वर्षातून एकदा तरी उघडून बघा आणि काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवा.
- वाचणारा : जुन्या सीडी आणि कॅसेट वाचणारी यंत्रं जवळपास मिळताहेत तोवर त्यातली माहिती काढून घ्या. फाइल साध्या, सर्वत्र चालणाऱ्या प्रकारांत ठेवा.

वाचणाऱ्याला यंत्राइतकीच संदर्भाचीही गरज असते. आजीच्या अल्बममधला फोटो स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवला, पण त्यातली माणसं कोण, कुठल्या गावची, हे कुणी लिहिलं नाही, तर पुढच्या पिढीला फक्त अनोळखी चेहरे मिळतील. ती नावं आज कदाचित एकाच ठिकाणी साठवलेली असतील, आजीच्या आठवणीत. तिच्याजवळ बसून ती उतरवून घ्यायला एक पेन्सिल आणि तासभर वेळ पुरतो.